चष्म्याच्या फडक्याचं दही

४ मार्च

खारूबाई,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईच्या हाती लागायच्या आत मीच पेटीतून काढलं, तेव्हा तू सांगितलंस तसं तिला काही कळलेलं नाही. मला हे पटलेलं नाही, एवढं आधी लिहून ठेवते. सूनबाई माझ्याशी भांडते ती तोंडावर भांडते. तिच्या पाठीमागे काही करायची मला सवय नाही. तू कामावर परत जाईपर्यंत तोंड शिवून बसते, त्यापुढे नाही.

आता तुझं बघू. क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं आणि दिवसभर पाणी प्यायचं नाही, कारण पाणी प्यायलं की लघवीला सगळी शिडी उतरून खाली यावं लागतं. हे तू असं लिहितेस जसा काही मोठा शोध लावलास. मग लघवीला आग, मग पाठीत कळा, मग मूत्रपिंडाला सूज, मग दवाखान्यात सुईतून अँटिबायोटिक, घरी आल्यावर त्याच्याच गोळ्या. सूज गेली आणि पोट गेलं. खाल्लेलं अंगी लागत नाही, जिना चढताना पाय थरथरतात. आणि १८ तारखेला तपासणी. साइटच्या इंजिनियरसमोर पट्टा बांधून वरपर्यंत चढून दाखवायचं, नाहीतर तुझ्या खुर्चीत तो बदलीचा माणूस कायमचा. तो खुर्चीवर स्वतःची उशी घेऊन बसतो हे वाचून मलाही राग आला. पण रागाने पाय घट्ट होत नाहीत.

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तुझं नाव काढलं नाही, माझंच पोट बिघडलंय म्हणाले. तो म्हणाला, हे औषध रोगाला मारतं तसं पोटातल्या कामाच्या जंतूंनाही मारतं. म्हणजे तुझं आतडं आता रिकामं पडलेलं घर आहे. चांगले भाडेकरू परत यायला वेळ लागणार, आणि तोवर दार उघडं बघून भलताच कुणी घुसू शकतो. म्हणून घाई नको. मऊ भात खा, उकडलेला बटाटा खा, केळं खा. एका बैठकीत पोट भरू नकोस, थोडं थोडं खा. मीठ-साखरेचं पाणी पी. पाणी पी हे दोनदा लिहिलं असतं, पण शाई कमी आहे. आणि ताप आला, पोटात पिळवटून कळ आली किंवा रक्त दिसलं, तर सरळ डॉक्टरकडे जा. तेव्हा माझं पत्र काढून वाचत बसू नकोस.

सोबत एक फडकं पाठवतेय. जुन्या चादरीचं आहे, नाक मुरडू नकोस. आपल्या घरच्या दह्यात बुडवून सावलीत वाळवलंय, विरजण त्यात बसलंय. कोमट दुधात हे फडकं टाक, वर झाकण ठेव, उबेला ठेव आणि सारखं उघडून बघू नकोस. पहिल्या खेपेला पातळ लागेल, त्यातलं चमचाभर घेऊन पुन्हा लाव. तुझ्या आईला सांगितलंय की तुला रुमाल पाठवतेय. पाकीट तीच टपालात टाकणार आहे, माझे गुडघे आज संपावर आहेत.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस ते शेजाऱ्यांना ऐकू येतं. लिही.

आजी

११ मार्च

आजी,

तुझं विरजण म्हणजे जादू आहे. दही काय घट्ट लागलं म्हणून सांगू, चमचा उभा राहिला. रोज वाटीभर खाते. पोट एकदम गप्प झालंय. गेल्या आठवड्यात दिवसातून किती वेळा धावावं लागायचं ते सांगण्यासारखं नाही, त्यात आमचं संडास व्हरांड्याच्या त्या टोकाला, आणि खालचा टायरवाला नेमका तेव्हाच आत जाऊन बसायचा. आता सगळं बंद. तुझा औषधवाला, तुझे भाडेकरू, सगळे खूश.

थोडी थंडी वाजते एवढंच. खोलीला ऊन नाही त्यामुळे असेल. स्वेटर घालून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आहे ते बोटं गारठली म्हणून.

काल साइटवर नुसती भेटायला जाऊन आले. बदलीच्या माणसाने केबिनच्या काचेवर सावलीसाठी वर्तमानपत्र चिकटवलंय. आजी, त्याच काचेतून मला खालचा रस्ता दिसायचा. शिट्टी भेटला. तुला सांगितलंय ना मी त्याच्याबद्दल, हुकाला माल अडकवून खालून इशारा देतो तो. आधी शिट्टी वाजवून द्यायचा, आता वॉकीटॉकी आली तरी नाव तेच राहिलं. वर बसलं की भिंतीपलीकडचं मला काही दिसत नाही, त्याचा आवाजच माझे डोळे. तो 'घे' म्हणाला की घ्यायचं, 'थांब' म्हणाला की श्वाससुद्धा थांबवायचा. त्याच्या शब्दाशिवाय हूक वीतभरही हलवायचा नाही, हा नियमच आहे. तर तो म्हणतो, "तुझं तोंड चुन्यासारखं झालंय." मी म्हटलं, तू आधी आरसा बघ. हसला नाही. त्याला हल्ली हसायला वेळ लागतो.

१८ला मी चढणार. दोन शिड्यांच्या मध्ये टेकायला फळ्या आहेत, तिथे दम खायला मिळतो, तेव्हा काळजी नको. आईला अजूनही काही सांगू नकोस. एकदा खुर्चीत बसले की मीच सांगेन, आणि तेव्हा ती रागावली तरी मी इतक्या उंचावर असेन की तिचा आवाज पोचणार नाही.

तुझी खारू

१५ मार्च

खोटारडे,

तुझं पत्र काल आलं. वाचून मला बरं वाटलं, हे मुद्दाम लिहिते, म्हणजे तुला कळेल की तू काय केलंस.

आठवडाभर माझं चष्मा पुसायचं फडकं सापडत नव्हतं. आज कपडे वाळवायच्या दोरीमागे, भिंत आणि कपाट यांच्या फटीत, एक फडकं पडलेलं दिसलं. काठीने ओढून काढलं. हातात घेतलं तर पुठ्ठ्यासारखं कडक, आणि आंबट वास. मी सूनबाईला हाक मारली. ती म्हणाली, "अहो आई, पोरीला रुमाल पाठवताय आणि तो असा कळकट? मी तो बाजूला टाकला आणि तुमच्या उशाशी होता तो स्वच्छ घातला पाकिटात. एकाच चादरीचे तर आहेत दोन्ही." तिची चूक नाही. तिला काही माहीतच नव्हतं, आणि ते माहीत नव्हतं ते तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे.

तेव्हा माझ्या चष्म्याच्या फडक्याचं दही लावून त्यात चमचा उभा करणारी तू जगात पहिली.

तू दूध तापवलंसुद्धा नाहीस. बरं, दह्याचं मरू दे. पण हे खोटं निघाल्यावर मी तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्या पोटासाठी आठवडाभर व्हरांडाभर धावत होतीस ते 'एकदम गप्प' कसं झालं? बिघडलेलं पोट हळूहळू ताळ्यावर येतं, दार आपटून बंद केल्यासारखं गप्प होत नाही. काय गिळलंस? आणि उन्हाळा तोंडावर आला असताना स्वेटर घालून बोटं गारठतात, त्याला आमच्या घरात ताप म्हणतात.

सूनबाईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये, ते योग्यच आहे. तिने लगेच तुला फोन लावला. ठेवून म्हणाली, "ठणठणीत आहे हो, हसत होती." तिला तुझा आवाज ऐकू येतो म्हणून ती फसते. मला ऐकू येत नाही, मी वाचते.

चढू नकोस. हे पत्र १८च्या आत तुला मिळेल का मला माहीत नाही. मिळालं तर डॉक्टरकडे जा आणि काय गिळलंस ते त्यांना खरं सांग. मला नंतर सांग.

आजी

१५ मार्च, तातडीच्या टपालाने

क्रेनखाली उभं राहून इशारा देणाऱ्या, ज्यांना सगळे शिट्टी म्हणतात, त्यांना

तुमचं खरं नाव आणि वय मला माहीत नाही, म्हणून अहोजाहो करते. तुम्ही माझ्या नातवाएवढे निघालात तर नंतर परत घेईन.

मी तुमच्या क्रेनवरच्या पोरीची आजी. १८ला ती चढणार आहे. ती आजारी आहे आणि लपवतेय. औषधांनी तिचं पोट गेलं होतं, ते तिने कशाने तरी दाबून बंद केलंय, आणि अंगात ताप आहे असा माझा कयास आहे. कयास चुकला तर माझ्यावर हसा. बरोबर असला तर ती तुमच्या डोक्यावर लोखंड घेऊन बसणार आहे, आणि तिचे हात थरथरतात हे तिच्या अक्षरात दिसतं. पत्राचा तेवढा तुकडा कापून सोबत ठेवलाय. तिचं नेहमीचं अक्षर तुम्ही पाहिलं असेल, ताडून बघा.

तिला थांबवायला मी येऊ शकत नाही. तिच्या आईला उद्या-परवाची गाडी मिळत नाही, ती १८लाच संध्याकाळी पोचेल. पोरीने मला लिहिलंय की तुमच्या शब्दाशिवाय हूक हलत नाही. तर शब्द देऊ नका.

खारूची आजी

१८ मार्च

आजी,

मी तुमच्या नातवाएवढा नाही, मला स्वतःला दोन मुलं आहेत. तरी अहोजाहो परत घ्या.

तुमचं पत्र सकाळी गेटवरच्या पहारेकऱ्याने आणून दिलं तेव्हा ती चढायला लागली होती. इंजिनियरसाहेब खाली उभे होते, मान वर करून. मी पत्र उभ्या उभ्या वाचलं. पत्रातला तुकडा बघायची गरज पडली नाही. शिडीवर ती एक हात सोडून दुसरा धरायला जो वेळ घेत होती तो मला खालून दिसत होता. ती अशी कधीच चढत नाही. ती चढते तेव्हा आम्ही खाली पैज लावतो.

मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "उतर." ती म्हणाली, "इशारा माल उचलायला असतो, माणसाला नाही." मी म्हटलं, "वर जाऊन बस मग. मी आज तुझ्यासाठी एक वीटसुद्धा अडकवणार नाही. वर बसून काय उचलशील, वारा?" तिने मला जे सुनावलं ते तुम्हाला लिहीत नाही, पण ती तुमचीच नात आहे याबद्दल शंका उरली नाही. इंजिनियरसाहेब मला म्हणाले, तपासणी चालू आहे, तुम्ही मध्ये बोलू नका. मी त्यांना म्हटलं, हुकाखाली तुम्ही उभे राहणार का? ते दोन पावलं मागे सरकले.

दुसऱ्या फळीवर ती बसून राहिली. बराच वेळ बसली. मला वाटलं आता वर जाते की काय. मी फक्त एवढंच म्हणत राहिलो, "थांब. थांब. थांब." या शब्दाची तिला सवय आहे. मग हळू आवाजात म्हणाली, "शिट्टी, मला शिडी नीट दिसत नाहीये." मी पट्टा बांधून वर गेलो आणि तिच्या खालच्या पायरीवर राहून तिला एकेक पाय ठेवायला सांगत उतरवलं. शेवटच्या पायऱ्यांवर तिचा पाय निसटला. पट्टा होता, मी होतो, पडली नाही. पण अंग तव्यासारखं तापलं होतं आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं.

आता मोठ्या दवाखान्यात आहे. तुमच्या सूनबाई पोचल्या. डॉक्टरांनी तिच्या खिशातून जुलाब थांबवायच्या गोळ्यांची रिकामी पट्टी काढली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. अजून आत सोडत नाहीत. कळलं की लिहितो.

शिट्टी

२४ मार्च

आजी,

सलाईन डाव्या हाताला आहे म्हणून लिहिता येतंय.

तू माझ्या कामावर पत्र पाठवलंस. माझं अक्षर कापून पाठवलंस. पूर्ण साइटला माझ्या पोटाची हकिगत कळली. इंजिनियर काल येऊन सांगून गेला की खुर्ची बदलीच्या माणसाला दिली. नियमाप्रमाणे. त्याने उशी कायमची बांधून टाकली असेल. एवढ्या वर्षांत त्या साइटवर वर बसणारी मी एकटी बाई होते, आणि 'पोट बिघडून शिडीवर अडकली ती', अशी माझी ओळख राहणार. तुला तुझं बरोबर निघाल्याचा आनंद होत असेल.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते आई तुला सांगेलच, पण माझ्याकडून ऐक म्हणजे पुन्हा खोटारडी म्हणायला नको. औषधांनी आतडं रिकामं झाल्यावर तिथे एक द्वाड जंतू माजला होता. जुलाब म्हणजे शरीर त्याचं विष बाहेर टाकत होतं. मी गोळ्यांनी ते आत कोंडून ठेवलं. त्या म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं आणि मग आम्हीही काही करू शकलो नसतो. आई तेव्हा पलंगाचा गज धरून उभी होती.

आणि हो, मी दह्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, दह्याने हा जंतू जात नाही, त्याचं वेगळं औषध आहे. बरं झाल्यावर अन्न म्हणून खा. तेव्हा तुझं खरं फडकं आलं असतं तरी उपयोग नव्हता.

पाकीट मी उघडलं होतं. फडकं उशीखाली ठेवलं होतं. दूध नुसतं डोळ्यासमोर आलं तरी ढवळायचं, आणि तुला तसं लिहिलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस. एवढंच.

खारू

३० मार्च

खारूबाई,

आनंद झाला नाही. पत्र टाकल्यापासून शिट्टीचं उत्तर येईपर्यंत मी काय खाल्लं ते मला आठवत नाही, आणि मी जेवण विसरणारी बाई नाही.

दह्याचं डॉक्टरीणबाई म्हणतात ते मान्य. मी विरजण पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं की सगळं त्यानेच निभेल. चुकलं. पण मी चुकले ते लिहून पाठवलं, लपवलं नाही, एवढा फरक आहे आपल्या दोघींत.

खुर्ची गेली याचं मला वाईट वाटतं. काचेवर वर्तमानपत्र चिकटवणाऱ्या माणसाला ती मिळाली याचं जास्त वाटतं. पण एक सांग. तू वर पोचली असतीस, शिट्टीने इशारा दिला असता, आणि माल अधांतरी असताना तुला 'नीट दिसत नाहीये' झालं असतं तर? खाली तो उभा असतो. त्याला दोन मुलं आहेत. तुझ्या पोटाची हकिगत साइटला कळली त्याची तुला लाज वाटते. त्या दुसऱ्या हकिगतीची मला भीती वाटत होती. रागावायचं तेवढं रागाव, मी पुरून उरेन.

सूनबाई लिहिते की तू आता थोडं खातेस. औषध शेवटच्या गोळीपर्यंत घे, बरं वाटलं म्हणून सोडू नकोस. हात साबणाने धू, तो जंतू नुसत्या पाण्याने जात नाही म्हणे, आणि त्या व्हरांड्यातल्या संडासात टायरवालाही जातो. घरी सोडल्यावर डॉक्टरीणबाईंनी दूध चालेल म्हटलं तरच पुढचं वाच.

खरं फडकं सोबत आहे. या वेळी सूनबाई तिकडे असल्यामुळे मीच टपालात टाकायला चालले आहे, गुडघ्यांना विचारलेलं नाही.

आणि माझं चष्म्याचं फडकं परत पाठव. बाहीने पुसून पुसून काच खरवडली.

आजी

२१ एप्रिल

आजी,

घरी येऊन आठवडा झाला. आई काल परत निघाली. जाताना टायरवाल्यालाही साबण देऊन गेली.

खरं लिहायचं ठरलंय तर सगळं लिहिते. वजन भरलेलं नाही. भात, बटाटा चालतं. तेलकट खाल्लं की पोट बोलतं. ताप नाही, दोन्ही वेळा बघते. रोज जिना चढते, पहिल्या दिवशी मधल्या वळणावर बसावं लागलं आणि टायरवाल्याने वर येऊन विचारलं की रुग्णवाहिका बोलावू का. आता न बसता वर येते, पण भिंत धरून. परवा डॉक्टरीणबाईंनी दूध-दही चालेल म्हटलं.

शिट्टी येऊन गेला. पलीकडच्या रस्त्यावर नवीन इमारतीची क्रेन उभी राहणार आहे, तिथे तो जातोय. तिथल्या माणसांना त्याने आधीच सांगितलंय की इशारा मी देणार तर वर कोण बसणार ते मी सांगेन. त्यांनी 'बघू' म्हटलंय. 'बघू' म्हणजे 'हो' नाही, हे मला कळतं. क्रेन उभी राहायला अजून वेळ आहे, तोवर मी खाली त्याच्यासोबत माल उतरवून घ्यायचं काम करणार. त्याने एकच अट घातली, की नवीन साइटवर दर पाळीत मध्ये एकदा मी खाली उतरायचं आणि त्याच्यासमोर पाणी प्यायचं. मी म्हटलं, आजीने शिकवलं का? तो म्हणाला, आजीशी माझा वेगळा पत्रव्यवहार आहे. आजी, हे कधीपासून?

दही लावलं. तू म्हणालीस तसंच, कोमट दूध, फडकं, झाकण, आईच्या शालीत गुंडाळून. मी तीनदा उघडून बघितलं. लागलं नाही. वर पाणी, खाली चिकट गोळा, आणि वास असा की खिडकी उघडली. फेकून दिलं.

तुझं चष्म्याचं फडकं धुऊन सोबत ठेवलंय.

खारू

२६ एप्रिल

खारूबाई,

फडकं मिळालं. चष्मा पुसला आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं.

उघडून बघू नकोस म्हटलं होतं. तीनदा उघडल्यावर ते लागणार कसं? शिवाय एवढं लांबून आलेलं विरजण, रुसतंच. तरी तुझं दही बिघडलं हे वाचून मला जे बरं वाटलं ते चमचा उभा राहिल्याचं वाचून वाटलं नव्हतं. आता जिन्याचं लिहितेस तेही खरं धरते, आणि ताप नाही तेही.

दुसरं फडकं सोबत आहे. पाकिटात घालताना दोनदा मोडून बघितलं, कडक आहे.

शिट्टीच्या पत्रांची चौकशी करू नकोस, तो तुझ्यापेक्षा नीट लिहितो. वर जाशील तेव्हा जा. पण मध्ये उतर आणि पाणी पी. प्यायले असं नुसतं लिहू नकोस, तो मला कळवणार आहे.

आजी